सेफोची घाई

"खर्ज धरायला माणूस नाही, तर गाणार काय, कपाळ?" चर्चचं गाणं बसवणाऱ्या इओआने मास्तरांनी जमलेल्या बायकांसमोर हातातली छडी चटईवर टाकली.

वर्षभरापूर्वी अपियाच्या धक्क्याला एक जहाज लागलं आणि त्यातून आलेल्या तापानं सामोआतली घरंच्या घरं बसवली. या गावात तर तापाचा बापई माणसांवरच डोळा होता. चर्चमध्ये मागच्या रांगेत उभे राहून खर्जात गाणारे सगळेच्या सगळे गेले. त्यांत फुआतिनोचा नवरा सेफोही गेला. तेव्हापासून गाव गायलं नव्हतं. आता मुलांचा पांढरा रविवार, पोरांनी पांढऱ्या कपड्यांत चर्चला जायचा सण, उद्यावर आला होता. कपडे शिवून झाले होते, पण गाणं नव्हतं. या दिवशीही गाव गप्प राहिलं तर ही पोरं मुकीच वाढतील, अशी मास्तरांना धास्ती होती.

"आमच्या वहिनीला उभं करा की," फुआतिनोची नणंद मासेलिना म्हणाली. "ती बोलली की कुत्री उठतात, बापई माणूस आला म्हणून!"

सगळ्याजणी हसल्या. कित्येक महिन्यांनी हसल्या. फुआतिनोलाही हसू आवरेना. सेफो तर "एका घरात दोन दादले" म्हणून तिला रोज चिडवायचा.

मास्तर तेवढे हसले नाहीत. "येतं का गं तुला?"

"रोज तारोचे कंद सोलताना सेफोचं तेच गाणं कानाशी असायचं, मास्तर. न येऊन सांगते कुणाला?"

"पण बाईनं खर्ज गायचा? लोक काय म्हणतील?"

"लोक उरलेत कुठे?" मासेलिना बोलून गेली, आणि मग तिनं मान खाली घातली.

रविवारी मागच्या रांगेत फुआतिनो एकटी उभी राहिली, सेफोच्या जागी. गाण्याच्या प्रत्येक कडव्यात एक अडचणीची जागा होती. बायकांची ओळ संपली की मास्तर हात खाली आणायचे आणि मग खर्जानं सुरुवात करायची. सेफोला तेवढा धीर कधी निघालाच नाही. तो दर रविवारी आधीच घुसायचा, आणि मास्तर चर्चबाहेर त्याची हजेरी घ्यायचे, "तुला काय स्वर्गात जायची घाई झालीय?" सेफो गेल्यावर ते वाक्य त्यांनी पुन्हा तोंडातून काढलं नव्हतं.

फुआतिनोनं मास्तरांच्या हातावर नजर रोखली होती. तरी पहिल्याच कडव्यात मास्तरांचा हात वर असतानाच तिचा आवाज घुमला. गाणं ती हात बघून शिकली नव्हती, सेफोला ऐकून शिकली होती. मासेलिनानं वळून पाहिलं आणि तोंडाला पदरासारखा रुमाल लावला. फुआतिनोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कडवं तिनं कसंबसं पुरं केलं.

दुसऱ्या कडव्याला तिनं ओठ घट्ट मिटले. आता काही झालं तरी हात खाली येईपर्यंत उघडायचे नाहीत.

बायकांची ओळ अजून संपायची होती. मास्तरांचा हात आधीच खाली आला होता, अगदी सेफोच्या वेळेवर.