जास्तीचा म्हणून ठेवलेला वॉशर

मी एक वॉशर बोलतोय. बोलायला याला तोंड कुठलं, असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे, माझ्या अंगात मधोमध एक भोक तेवढं आहे. पण ज्याला कधी कुणी काही विचारत नाही, त्याच्या पोटात सांगण्यासारखं पुष्कळ साचतं.

मी साधा चपटा वॉशर नाही, स्प्रिंग वॉशर आहे. पोलादाची तार एका गजावर गुंडाळली आणि एकेक वेढा कापून आम्हा भावंडांना सुटं केलं. म्हणून माझं कडं पुरतं जुळलेलं नाही. एके जागी चीर आहे आणि तिथली दोन टोकं रुसल्यासारखी, एक वर, एक खाली. मग लालभडक तापवून तेलात बुडवलं, तेव्हा अंगात ताठा आला.

आमचं गणगोत मोठं. खिळा डोक्यावर ठोके खाऊन लाकडात शिरतो. स्क्रू आपल्या आट्यांनी गोल फिरत आत जातो आणि उलटा फिरवला तर निमूट बाहेर येतो. रिव्हेटचं डोकं एकदा ठेचलं की तो जन्माचा तिथलाच. बोल्ट आरपार जातो, पलीकडे नट त्याला धरतो, आणि नाव त्या दोघांचं होतं. चपटा वॉशर नटाखाली अंग पसरून भार वाटून घेतो. आणि मी? जिथे हादरे बसतात तिथे नट हळूहळू मागे फिरू लागतो. त्याला फिरू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. वरून कितीही दाबलं तरी आतून रेटत राहायचं.

सायकलला मागे लावायच्या, लहान मुलाच्या एका खुर्चीबरोबर आम्ही पुडीतून निघालो. चार बोल्ट, चार नट, चार चपटे आणि आम्ही चौघं. आलो ते एका शिंप्याच्या घरी. त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याची मुलगी चार वर्षांची, एका जागी ठरायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत. शाळा लांब, पोरीचे पाय दुखायचे. आता आई तिला सायकलवरून नेणार होती.

दुकानदार खुर्ची बसवून द्यायला तयार होता. मास्तरच नको म्हणाले. चार नट आवळायला माणूस कशाला, बाह्या जोडण्यापेक्षा का हे अवघड आहे!

सुट्टीच्या दुपारी ते अंगणात पाना घेऊन बसले. तीन कोपरे नीट झाले. चौथ्याला भिंगरी अर्ध्या बसवलेल्या खुर्चीवर चढली. तिला उतरवलं, समजूत घातली, आणि राहिलेला नट आवळून मास्तर उठले. बघतात तो मी तळहातावर.

"अहो, हा एक उरला," बायको म्हणाली.

"उरणारच. शर्टाच्या आत मी एक जास्तीचं बटण लावून देतो ना, तसा दिलाय. माणसं चांगली दिसतात."

ते थापा मारत नव्हते हो. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला एक बटण जास्तीचं दिलं, त्याला दुसरं काय सुचणार? त्यांनी मला कौतुकाने पुसलं आणि खिडकीतल्या काचेच्या बरणीत, बटणांमध्ये ठेवलं.

बरणीत हूक होते, टिचबटणं होती, एक वाकलेली सेफ्टी पिन होती. सगळी आमच्यासारखीच, दोघांना जोडून ठेवणारी. बटणांनी माझी भोकं मोजली. आम्हाला चार, तुला एकच? मी हसून घेतलं. पण माझं लक्ष काचेबाहेर. रोज सकाळी ती माउली सायकल काढायची, लेकीला बसवण्याआधी खुर्चीवर तळहात टेकवून क्षणभर डोळे मिटायची, आणि निघायची. पुढचा रस्ता दगडी फरशांचा. चौथा नट रोज केसभर मागे सरकत असणार, हे मला बसल्या जागी कळत होतं. आठ दिवसांनी सायकल परत येताना बारीक कटकट ऐकू येऊ लागली. ओरडावं तर आवाज नाही. बरणीचं झाकण घट्ट.

मग एका सकाळी तिने हात टेकवला आणि डोळे मिटलेच नाहीत. खुर्ची हाताखाली किंचित कलली होती. तिने ती धरून हलवली.

आतून मास्तर चेष्टेने म्हणाले, "देवावर विश्वास आहे ना तुझा? मग हलवून काय बघतेस?"

"देवावर आहे. तुमच्या कामावर नाही. जरा बाहेर या."

मास्तर वाकले. चौथा नट शेवटच्या आट्यावर लोंबत होता. बोट लावलं तसा तो ओंजळीत आला. त्यांनी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. रस्त्याच्या उतारावर ट्रक कसे भरधाव येतात, ते दोघांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी भिंगरी आईचं बोट धरून चालत शाळेत गेली. मास्तरांनी दुकान उघडलं नाही. कापड कापायच्या टेबलावर अख्खी बरणी ओतली आणि शेकडो बटणांतून मला शोधलं. मग आधी सायकलवाल्याकडे जाऊन विचारलं, हा कुठे बसतो. घरी येऊन चारही कोपरे खोलले, पुन्हा लावले. बोल्ट, चपटा, मी, वर नट.

बायको परतली तेव्हा त्यांनी पाना तिच्या हातात दिला. "शेवटचा नट तू आवळ. माझ्या कामावर आता माझाही विश्वास नाही."

तिने काही सुनावलं नाही. आवळता आवळता एवढंच म्हणाली, "आपली पोर सुखरूप आहे. आता पुरे." माझी दोन टोकं एकमेकांना येऊन भिडली, आणि जन्मात पहिल्यांदा मला माझी जागा मिळाली.

आता मी कुणाला दिसत नाही. अंगावर धूळ आहे, थोडा गंजही चढेल. तक्रार नाही. फक्त एक विनवणी आहे. काही जोडून झाल्यावर तुमच्या तळहातावर असं कुणी उरलं, तर त्याला बरणीत टाकू नका. तू कुठला रे, एवढं विचारा.

निरोप घेतो. शाळा सुटली आहे. भिंगरी आईच्या पाठीला गाल टेकून झोपली आहे. दगडी फरशा सुरू झाल्या. झोपू द्या तिला. मी जागा आहे.