ताईत म्हणजे मागणं

सन छत्तीस. माझी भाची रंगू, चार वर्षांची. तिला घटसर्प झाला. मान सुजून हनुवटीला टेकली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुई टोचली आणि म्हणाले, "सूज आणखी वाढणार. गळ्यातला ताईत आधी काढा. दोरा रुततोय."

माझी बहीण गोजरा काढू देईना. पोरीला तशीच घरी आणली.

ताईत हारुनचाचांनी बांधलेला. चाचा आमच्याच मळ्यातली फुलं दर्ग्यापाशी विकतात. ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा, नाहीतर उलटतो, असं आमच्याकडे सगळेच मानतात. आणि चाचा नेमके लेकीकडे मालेगावला गेलेले. दाजी सकाळच्या मोटारीनं त्यांना आणायला गेले. दुपार झाली, पत्ता नाही.

रंगूचा श्वास घरघरायला लागला. मी हार करायची कात्री उचलली. गोजरानं मनगट धरलं.

"अक्का, ऐक. ताईत हा शब्द मूळचा अरबी. तावीजचा ताईत झाला. मी कोशात बघितलंय."

"बरं मग?"

"अर्थ काय माहितीये? आसरा मागणं. नुसतं मागणं! त्यात जादू नाही की ताकद नाही."

मला वाटलं, आता सोडेल हात.

ती लेकीकडे बघत राहिली. "मागणंच हाय ना ते?"

"हो."

"मग मी दुसरं काय करतेय? मागणं चालू असताना मधीच कसं तोडू?"

एवढा शोधून आणलेला अर्थ, तो तिच्याच कामाला आला.

"काप," ती एकदम म्हणाली. "चौथीत शाळा सोडलेला पंडित तू. काप. पण पोर गेली तर मी कुणाला इचारू? तुझ्या कोशाला?"

कात्री हातातच राहिली. मग खाली ठेवली.

"गाठ तरी सैल करू दे."

"गाठीला हात लावायचा नाय."

शेवटी करंगळी दोऱ्याखाली सरकवली, रंगूच्या गळ्याला लावून. म्हटलं, रुतायचं ते माझ्या बोटात रुतू दे. तेवढं गोजरानं चालवून घेतलं.

बसून राहिलो. रस्त्यावर मोटार वाजली की दोघं दाराकडे बघायचो. दोरा घट्ट होत गेला. बोट आधी ठणकलं, मग बधिर झालं, निळं पडलं.

"उतरतेय का रे सूज?" गोजरानं विचारलं.

"उतरतेय," मी म्हणालो.