यादीतलं वय

मतदार यादी दरवर्षी नवी होते आणि तिच्यातल्या प्रत्येकाचं वय एका वर्षानं वाढवलं जातं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असताना आमच्या गावाच्या यादीचं काम मी एकोणीस वर्षं केलं.

मला लहानपणापासून मतदानाची हौस. सत्तावन्न साली अर्धापूरला, माहेरी, आईचा पदर धरून केंद्रावर गेले होते. कारकुनानं आईला नवऱ्याचं नाव विचारलं. तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, उखाण्यात घे. आईनं केळीच्या पानावर उखाणा जुळवला आणि दादांचं नाव घेतलं. कारकुनासकट सगळे हसले. घर येईपर्यंत आई पदर तोंडाला लावून हसत होती.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हाही मी अर्धापूरलाच होते. गणपतीला माहेरी गेले म्हणून वाचले. परत आले तर गाव नव्हतं.

पुढच्या वर्षी तहसीलमधून यादी आली. तिच्यात घर क्रमांक जुनेच होते आणि लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. मी शेडोशेड जाऊन नावं वाचायची. जो गेला त्याच्या नावावर लाल रेघ ओढायची आणि पुढे ‘मयत’ लिहायचं. पहिले तीन दिवस प्रत्येक नावापुढे पूर्ण शब्द लिहिला. चौथ्या दिवसापासून मी वरच्या नावापुढे ‘मयत’ आणि खालच्यांपुढे नुसतं ‘कित्ता’ लिहू लागले. कित्ता, कित्ता, कित्ता. पानं भरत गेली. जेवणाच्या वेळी जेवत होते.

सरजाबाईच्या घरात चार नावं होती. सासू, नवरा, ती आणि मुलगा माउली. ती शेडच्या दारात तूर निवडत बसली होती. सासूचं नाव वाचलं, तिनं मान हलवली. नवऱ्याचं वाचलं, मान हलवली. माउलीचं वाचलं तेव्हा तिचे हात थांबले.

“त्याचं राहू द्या, बाई,” ती म्हणाली. “त्यानं अजून एकडाव बी टाकलं न्हाई.”

माउली माझा विद्यार्थी. अठरा पूर्ण झाल्यावर त्याचं नाव मीच यादीत घातलं होतं. भूकंपाच्या रात्री विसर्जनाहून दमून आला आणि आत जाऊन पडला. एरवी दारापुढच्या बाजेवर तोच झोपायचा. त्या रात्री बाजेवर सरजाबाई होती.

मी रेघ ओढली नाही. फार विचार केला असंही नाही. पान उलटलं आणि पुढच्या शेडकडे गेले.

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत विधानसभेचं मतदान आलं. पत्र्याच्या शाळेत केंद्र होतं. रांगेत सरजाबाई माझ्यापुढे होती. आत केंद्रावरचा अधिकारी बिलोलीकडचा, आमच्यातल्या कुणालाही न ओळखणारा. नियमाप्रमाणे तो नाव आणि क्रमांक मोठ्यानं वाचायचा आणि बाकावर बसलेले दोन्ही पक्षांचे एजंट आपापल्या यादीवर खूण करायचे. एका बाजूचा एजंट पिराजी. तोही माझाच विद्यार्थी, माउलीच्या बाकावर बसणारा.

अधिकाऱ्यानं सरजाबाईचं नाव वाचलं. ती हलली नाही. म्हणाली, “त्याच्या खालचं बी वाचा की, साहेब.”

त्यानं वाचलं. “माउली. वय वीस.” मग बोट ठेवून म्हणाला, “ह्यांचं झालंय, मावशी.”

दुसऱ्या बाजूच्या एजंटनं यादीत डोकं घातलं. पिराजीनं शाई लागलेला डावा हात मांडीखाली घेतला.

काय झालं ते मला कळलं. वगळायची राहिलेली नावं दोन्ही बाजूंनी हेरून ठेवली होती, आणि एकमेकांच्या बोगस मतांना हरकत घ्यायची नाही असं ठरलं होतं. हे नाव न वगळता कुणी ठेवलं, ते मला ठाऊक होतं.

सरजाबाईनं विचारलं, “कवा आल्ता?”

“सकाळीच. पहिल्या पंचविसांत.”

“सही केली का अंगठा?”

अधिकाऱ्यानं मतपत्रिकेची पुस्तकात मागे राहिलेली स्थळप्रत उलटून पाहिली. “सही हाय.”

“हाव,” ती म्हणाली. “त्याला सही येतीया.”

तिनं बोट पुढे केलं, शाई लावून घेतली, शिक्का मारला आणि गेली. माझा क्रमांक आला. अधिकाऱ्यानं माझं नाव दोनदा वाचलं, मग मी पुढे झाले.

पिराजी त्याच दिवशी तिच्याकडे गेला होता. मीच टाकलं, म्हणाला. हे तिनं मला नंतर सांगितलं, आज पाणी आलं नाही असं सांगावं तसं. कोणत्या चिन्हावर, ते तिनं विचारलं नाही. सही कशी केली ते विचारलं. पिराजीनं जमिनीवर बोटानं काढून दाखवली. शेवटच्या अक्षराला माउली शेपूट काढायचा, ती त्यानं बरोबर काढली होती. शाळेत दोघं एकमेकांच्या सह्या करायचे. मी त्याबद्दल दोघांना मारलंही होतं. तिनं पिराजीला भाकरी वाढली. त्यानं खाल्ली.

पुढच्या वर्षी मी तिला म्हटलं, आता नाव काढून टाकू. ती म्हणाली, नको, आता मी बघते.

त्यानंतरच्या प्रत्येक मतदानाला ती सकाळी सातला आपलं मत टाकायची आणि शंभर मीटरच्या चुन्याच्या रेघेबाहेर लिंबाखाली बसायची. तिथून शाळेचं दार दिसायचं. पाच वाजेपर्यंत उठायची नाही. हवालदारानं एकदा हटकलं, कोणत्या पक्षाची म्हणून. ती म्हणाली, “माझा एकच मतदार हाय, साहेब. त्यो आला न्हाई तर बरं.” हवालदार हसला. त्याला कुणीतरी कानात सांगितल्यावर त्यानं तिला पाणी नेऊन दिलं. माउलीचं मत पुन्हा कुणी टाकलं नाही.

आणि दर जानेवारीत शाळेच्या भिंतीला नवी यादी चिकटवली की ती यायची. तिला वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून दाखवायची.

“किती लागलं?”

“चोवीस.”

“लगीन करायला पायजे,” ती म्हणायची आणि निघून जायची. एका वर्षी मी सत्तावीस सांगितलं तर म्हणाली, “आता कुणी पोरगी देत न्हाई.” दोघीही हसलो. मग तिनं यादीच्या त्या जागेवरून पदर फिरवला, धूळ पुसल्यासारखा.

मी निवृत्त होऊन लातूरला आले. गल्लीतल्या घरांवर एकेक मजला चढत होता, आणि प्रत्येक मजल्यावर नांदेड, हदगाव, देगलूरकडची मुलं दाटीवाटीनं राहून डॉक्टर व्हायचा अभ्यास करत होती. पिराजीनंही वसतिगृह काढलं होतं. सरजाबाईला त्यानंच तिथल्या खानावळीत भाकऱ्या थापायला आणलं. तिथं सगळी सतरा-अठरा वर्षांची. तिला मावशी म्हणायची. तिनं गावच्या यादीतलं आपलं नाव मात्र हलवलं नाही. मतदानाला एसटीनं गावी जायची आणि लिंबाखाली बसायची.

दोन हजार नऊची गोष्ट. मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या होत्या आणि आमचं गाव दुसऱ्या मतदारसंघात गेलं होतं. याद्या आता फोटोच्या होणार होत्या. ज्याचा फोटो नाही त्याची चौकशी करून नाव वगळायचं होतं. सरजाबाई दुपारी माझ्याकडे आली. हाताला पीठ तसंच होतं.

“बाई, माउलीचा फोटो मागायलेत.”

तिच्याकडे फोटो नव्हता. होते ते घराखाली गेले. माझ्याकडे एक होता. दहावीच्या वर्गाचा, अर्धापूरच्या पेटीत राहिलेला. मी शोधून काढला. तिसऱ्या रांगेत माउली, शेजारी पिराजी. चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. मी म्हटलं, स्टुडिओत मोठा करून देतात. चिकटवून पाहू.

ते खोटं काम होतं आणि मी ते करायला तयार होते.

तिनं फोटो खिडकीपाशी नेला. बराच वेळ पाहिला. मग विचारलं, “यादीत किती लागलं आता?”

“चौतीस.”

“ह्यो तर पंधरा-सोळाचा हाय,” ती म्हणाली. “ह्यो चालायचा न्हाई. त्याचा फोटो असंल तर चौतीसचा पायजे.”

तिनं फोटो मला परत दिला.

“काढून टाका, बाई. काय फॉर्म असतो त्यो भरा.”

फॉर्म माझ्या कपाटात होता. अशा कागदांची सवय सुटत नाही. मतदाराचं नाव लिहिलं. अर्जदाराचं नातं, आई. कारण, मयत. दिनांक, तीस सप्टेंबर एकोणीसशे त्र्याण्णव. मग वयाचा रकाना आला. मी पेन धरून बसले. तो गेला तेव्हा अठराचा होता.

“काय लिवायलात?”

“वय.”

“चौतीस लिवा,” ती म्हणाली. “सोळा वर्सं बसलेय मी त्याच्यापायी.”

मी चौतीस लिहिलं. तिनं अंगठ्याचं पीठ पदराला पुसलं, शाईच्या डबीवर अंगठा दाबला आणि मी दाखवलेल्या जागी उठवला. वर्गाचा फोटो मी तिला देऊ केला. तिनं घेतला नाही. मुलं सातला जेवायला बसतात म्हणून गेली.

त्या वर्षी मतदानाला ती गावी गेली. मत टाकून सकाळच्या साडेसातच्या एसटीनं परत आली.