दस्त्यावरचा जोड

चिंतामणने बंदुकीचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सरकवणारा दांडा, मागे ओढून पूर्ण बाहेर काढला आणि टेबलावर अंथरलेल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवला. मग खिशातलं भिंग डोळ्याशी धरून तो वाकला. बोल्टच्या मुठीमागे कोरलेला आकडा त्याने वाचला. बंदुकीच्या अंगावरचा आकडा वाचला. खात्री करायला दोन्ही पुन्हा वाचले.

ते जुळत नव्हते.

त्याला एकदम हलकं वाटलं, उकाड्यात कुणी पंखा लावावा तसं. चेहरा मात्र त्याने होता तसाच ठेवला.

"काय वाटतं सर?" यशश्रीने विचारलं. ती या छोट्या खासगी संग्रहालयाची क्युरेटर. वय तिशीच्या आतबाहेर, गळ्यात ओळखपत्र, हातात सुती मोजे. "शेखर सर म्हणाले, चिंतामणने पाहिल्याशिवाय पाटी लावायची नाही."

"असं म्हणाला?"

"हो. निघताना पुन्हा बजावून गेले."

म्हणजे शोध शेखरचा, फोटो शेखरचा आणि मान डोलवायला चिंतामण गायधनी. त्याने भिंग रुमालाने पुसलं. ते स्वच्छच होतं.

बंदूक दुसऱ्या महायुद्धातली, लष्करातली जुनी थ्री-नॉट-थ्री. लष्कराच्या भांडारातून नळ्या बुजवलेल्या काही बंदुका संग्रहालयाला प्रदर्शनासाठी मिळाल्या होत्या. त्यातल्या या एकीच्या दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागावर, शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळ्या लाकडाचा जोड होता. शेखर कोतवाल मूळचा चांदवडकडचा. तिथल्या एका वाडीत बयाबाई नावाच्या म्हातारीच्या घरी त्याने एक फोटो पाहिला होता. तिचा बाप चिमाजी, ब्रह्मदेशच्या आघाडीवर मारला गेलेला. फोटोत तो बंदूक उभी धरून बसला होता आणि त्या बंदुकीच्या दस्त्यावरही त्याच जागी शंकरपाळ्याचा जोड होता. बाप गेला तेव्हा बयाबाई पाळण्यात होती. बापाची म्हणावी अशी त्या फोटोखेरीज एकही वस्तू तिच्या घरात नव्हती. बंदूक सापडल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, शेखरच्या फोटोसकट. नव्या दालनाच्या मधोमध तिच्यासाठी काचेची पेटी तयार झाली.

चिंतामणने ती बातमी वाचली होती. वाचून झाल्यावर त्याच कागदावर त्याने सायकलची चेन पुसली होती.

देवळालीच्या लष्करी वर्कशॉपमध्ये दोघांनी उभी नोकरी एका बाकावर काढली. शेखर नवा आला तेव्हा त्याला बंदुकांवरच्या ठशांतलं ओ की ठो कळत नव्हतं. चिंतामणने त्याचं बोट धरून लोखंडावर टेकवलं होतं. "आधी बोटांनी बघ. डोळ्यांनी नंतर." निवृत्तीनंतर शेखर केस काळे करून या संग्रहालयाला मदत करायला आणि व्याख्यानं द्यायला लागला आणि हेच वाक्य त्याच्या व्याख्यानाचा शेवट झालं. त्या वाक्याला टाळ्या पडत. ते कुणाचं, हे तो सांगत नसे. कदाचित विसरला असेल. पण चिंतामण विसरला नव्हता. पंचवटीत भाजी घेताना ओळखीचं कुणी भेटलं की विचारायचं, "तुम्ही त्या कोतवालांबरोबर होता ना नोकरीला?" तो "हो" म्हणायचा आणि भाव न करता मिळेल ती भाजी पिशवीत टाकून घरी यायचा.

आता त्याने बंदूक आडवी केली आणि दस्त्यावरून अंगठा फिरवला. जोडाच्या कडा धारदार होत्या. लाकूड फिकट आणि चकचकीत. पलीकडच्या अंगाला अंगठ्याखाली काहीतरी खरखरल्यासारखं झालं. त्याचा हात क्षणभर थांबला.

मग त्याने बंदूक फडक्यावर ठेवून दिली.

"पाटी लावू नका," तो म्हणाला.

यशश्रीचा चेहरा उतरला. "खोटी आहे?"

"जुनी आहे. पण दोन-तीन बंदुकांचे तुकडे एकत्र करून बांधलेली. बोल्टचा नंबर वेगळा, अंगावरचा वेगळा. आणि हा जोड नंतरचा. कुणीतरी हौसेने बसवलाय."

"पण तो फोटो..."

"फोटोत जोड आहे. तो हाच कशावरून?"

तिने सगळं लेखी मागितलं, फोटोंसह. चिंतामणने मोबाइलवर फोटो काढले, चारी अंगांनी, सावकाश, एखाद्याला पोटभर जेवायला लागतो तेवढा वेळ घेऊन.

घरी इंदिराने पान वाढलं. त्याने मेथीची भाजी पुन्हा मागून घेतली आणि तिसरी पोळीही.

"आज स्वारी खूश दिसते," ती म्हणाली.

"शेखरची बंदूक खोटी निघाली."

इंदिराचा हात तुपाच्या भांड्यावरच राहिला. "अगंबाई. पेपरात आलं होतं ना सगळं? आता काय करतील ते?"

"त्याने आधी नीट बघायला हवं होतं."

"हो, पण भाऊजी किती नाचत होते त्या म्हातारीसाठी." तिने तूप वाढलं. "तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"यशश्री सांगेल."

तिने तुपाचं भांडं झाकून ठेवलं. त्याने चौथी पोळी घेतली, पण ती संपली नाही.

दुपारी तो अहवाल लिहायला बसला. शेखर भांडायला येणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं. तो दारातूनच ओरडेल, मग आपण शांतपणे एकेक मुद्दा मांडू, असं त्याच्या डोक्यात सारखं चाललं होतं. वाक्यंसुद्धा तयार होती. जोडाची धारदार कड ठळक दिसावी म्हणून त्याने मोबाइलवर एक फोटो मोठा केला.

कडेवर एक बारीक कमान होती.

त्याने काच शर्टाने पुसली. कमान तशीच होती. त्याने फोटो आणखी मोठा केला. अर्धं वर्तुळ जोडाच्या फिकट लाकडावर होतं आणि उरलेलं अर्धं दस्त्याच्या गडद लाकडावर. आत झिजलेला चार आणि तीन.

लष्करी कारागिराचा दुरुस्तीचा ठसा. त्रेचाळीस सालचा. दोन्ही लाकडांवर एकाच वेळी मारलेला.

म्हणजे ठसा मारला तेव्हा, ऐन युद्धात, फोटोतल्यासारखाच जोड जागेवर होता. आणि बोल्टचं म्हणाल तर आघाडीवरून आलेल्या बंदुकांचे बोल्ट सर्रास बदललेले असतात, हे शेखरला शिकवणारा तो स्वतःच होता.

त्याने मोबाइल पालथा ठेवला. उठून तांब्यातलं पाणी प्यायला. बाहेर येऊन अंगणातल्या तुळशीपाशी उभा राहिला, मग आत आला, मग पुन्हा बाहेर गेला. सावली असेल, त्याने स्वतःला सांगितलं. फोटोत कसलीही सावली पडते. पण अंगठ्याला लागलेलं ते खरखरीत काही फोटोतलं नव्हतं.

अहवाल त्या दिवशी झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेखरचा फोन आला नाही. दारात गाडी वाजली की तो मान वर करायचा. दूधवाला असायचा, नाहीतर समोरच्यांकडे आलेले यात्रेकरू. शेखर भांडला असता तर बरं झालं असतं, भांडणात मागे सरता आलं नसतं. पण तो येईना. तयार वाक्यं चिंतामणच्या तोंडात कडू झाली.

"अहो, तो कागद द्यायचा होता ना तुम्हाला?" इंदिराने तिसऱ्या दिवशी सकाळी विचारलं.

"तिथेच निघालोय," असं त्याच्या तोंडून गेलं, आणि मग त्याला निघावंच लागलं.

संग्रहालयाच्या नव्या दालनात रंगाचा वास होता. मधली काचेची पेटी रिकामी होती. आतल्या दोन पितळी पकडी उघड्या होत्या.

"बंदूक कुठे आहे?" त्याने यशश्रीला विचारलं.

"आत, भांडारात. त्याच संध्याकाळी काढली. शेखर सरांनी स्वतः उतरवली. पाटीही परत पाठवली."

"माझा अहवाल तर आला नव्हता."

"मी म्हटलं त्यांना, अहवाल येऊ द्या, मग दुसऱ्या कुणाला तरी दाखवू. तर म्हणाले, चिंतामणने खोटी म्हटली ना? मग झालं. आणखी कुणाला दाखवायची गरज नाही."

चिंतामण रिकाम्या पेटीकडे बघत राहिला. काचेत त्याचा चेहरा दिसत होता. तो बाजूला सरकला.

शेखर मागच्या खोलीत तलवारींना तेल लावत बसला होता. केसांचा रंग मुळाशी उतरला होता. चिंतामणला बघून त्याने पायाने एक स्टूल पुढे सरकवलं.

"ये. चहा सांगू?"

"बंदूक काढ."

हात पुसून शेखरने कपाटातून बंदूक आणली आणि टेबलावर ठेवली. चिंतामणने ती पालथी केली, खिडकीकडे तिरकी धरली आणि शेखरचं बोट धरून जोडाच्या कडेवर टेकवलं.

शेखरचं बोट थबकलं. मग हळूहळू अर्ध्या वर्तुळावरून फिरलं.

"ठसा आहे," तो म्हणाला.

"त्रेचाळीसचा. बंदूक खरी आहे. म्हातारीच्या बापाचीच आहे."

शेखर हसायला लागला होता. हसता हसता थांबला. "मला कसा लागला नाही हा? मी तर जोड बघितला आणि नाचायलाच लागलो." त्याने मान हलवली. "आणि तुला? तुला दिसला नाही त्या दिवशी?"

"अंगठ्याला लागला होता."

"मग?"

"उजेडाकडे वळवली नाही."

बाहेर कुणीतरी शिडी ओढत नेत होतं. शेखर चिंतामणकडे बघत नव्हता, बंदुकीकडे बघत होता. मग त्याने तेलाची बाटली बंद केली, झाकण जरुरीपेक्षा जास्त घट्ट केलं, आणि खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली.

"म्हातारीला मी सांगून आलोय, ही तिच्या बापाची नाही म्हणून," तो म्हणाला. "फोनवर सांगवेना, म्हणून गेलो होतो. आत्ता लगेच जायला हवं. तू चल."

महामार्गावर शेखरने एकदा काच खाली करू का विचारलं, चिंतामणने हो म्हटलं. चांदवडचे डोंगर जवळ आले तसा वाऱ्याबरोबर कांद्याचा वास आत येऊ लागला.

बयाबाई कांद्याच्या चाळीपुढे पोत्यावर बसून कांदे निवडत होती. तिचा नातू गोरक्ष क्रेट भरत होता. शेखरला बघून तिने पदर सावरला, पण हातातलं काम थांबवलं नाही.

"आता काय ऱ्हायलं सांगायचं?" ती म्हणाली.

"मावशी, बंदूक तुमच्या वडिलांचीच आहे. पक्कं झालं."

बयाबाईने एक सडका कांदा बाजूला फेकला. "परवा खोटी व्हती. आज खरी झाली?"

"परवा माझं चुकलं."

"तुझं लय चुकतं, शेखर. आधी घरात येऊन नाचला, पेढे दिले. मंग येऊन म्हनला, मावशी, नाय तुमची. दोन दिस मी फोटोकडं बगितलं नाय." तिचा आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. "बाप दुसऱ्यांदा मेल्यावानी झालं मला."

"चुकलं, मावशी," शेखर पुन्हा म्हणाला. मग चिंतामणच्या पाठीवर हात ठेवून त्याने त्याला पुढे केलं. "हे चिंतामण गायधनी. मला या कामातलं सगळं यांनी शिकवलं. आख्ख्या जिल्ह्यात यांच्याएवढं कुणाला कळत नाही. यांनी बघितलं आणि ठसा दाखवला, म्हणून कळलं."

हे वाक्य, याच माणसाच्या तोंडून, चार लोकांत. चिंतामण किती वर्षं याची वाट बघत होता. आता ते आलं तेव्हा कांद्याच्या पाल्यात पाय कुठे ठेवावा ते त्याला समजेना.

बयाबाईने पहिल्यांदाच हात थांबवले. डोळ्यांवर आडवा पंजा धरून तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "गोरक्ष, खाट आन रं बाहेर. बसा दादा. पानी आन यांना." मग शेखरकडे वळून म्हणाली, "असा जानता मानूस घरचा व्हता, तर आधी यांना नाय का दाखवायची?"

"हो, चुकलंच माझं," म्हणत शेखर गोरक्षच्या मागे खाट उचलायला गेला. तिकडे त्याने गोरक्षला यंदाच्या भावाचं विचारलं. आवाज मुद्दाम मोठा होता.

चिंतामण खाटेवर बसला नाही. तो म्हातारीच्या समोर, तिच्याच पोत्याच्या कडेला खाली बसला.

"मावशी," तो म्हणाला. "परवा खोटी म्हणालो तो मी. शेखरने माझ्या शब्दावर तुम्हाला सांगितलं."

"तुम्ही?"

"मी."

"बगितली नव्हती नीट?"

"बघायची नव्हती."

बयाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांच्या कडा कांद्याने लाल झाल्या होत्या. नंतर तिने खाट घेऊन येणाऱ्या शेखरकडे पाहिलं, आणि पुन्हा चिंतामणकडे.

"मंग यानं तुमचं नाव का नाय सांगितलं मला?" तिने विचारलं.

चिंतामणने समोरचा एक कांदा उचलला. त्याची सुटी साल अंगठ्याने काढली, तो चांगल्या कांद्यांच्या ढिगात ठेवला, आणि दुसरा उचलला.