जांभळ्या बुचाची नळी

"काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" रबरी पट्टा आवळत मी विचारलं.

"छे हो! पाण्याचा घोटसुद्धा नाही," कापडदुकानदार म्हणाले. त्यांच्या मिशीत टोस्टचा चुरा होता.

मी सुई टोचली. एकोणीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन रक्त काढतोय. सकाळी साडेसहाला पिशवी खांद्याला लावायची, नऊच्या आत दहा-बारा घरं उरकायची आणि नळ्या लॅबमध्ये पोचवायच्या. लॅबमध्ये मला डास म्हणतात. पथ्याच्या बाबतीत माणसं किती सराईतपणे थापा मारतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. चेहरा बघूनच मला कळतं. आणि गेले सात महिने तर मी स्वतःच त्या टोळीत सामील झालो होतो.

हो, मलाही साखर निघाली. लॅबच्याच तपासणीत, लॅबच्याच यंत्रावर. बायकोनं त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातले गोडाचे डबे रिकामे केले आणि डब्यात काकडी, उकडलेलं अंडं द्यायला लागली. "अहो, बाहेर काही तोंडात टाकत नाही ना?" ती रोज विचारते. "छे गं!" मी रोज सांगतो.

सुईला घाबरणाऱ्या मुलांसाठी लॅब माझ्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट देते. हल्ली माझ्याकडून फारशा मुलांना गोळी मिळत नव्हती. भूक निदान पोटात एका जागी बसून राहते. ही तलफ मेली अंगभर हिंडते. जिन्यावर असलो की बोटांत येते, सिग्नलला थांबलो की दाढेत. हात आपोआप पिशवीच्या पुढच्या कप्प्यात जायचा. एक खाल्ली की वाटायचं, झालं आता, ही शेवटची. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी पुन्हा तेच. डाव्या पायाला मुंग्या यायच्या, त्याचं खापर मी नव्या बुटांवर फोडलं होतं.

आणि एक आठवड्याआड मंगळवारी टायपिंगच्या बाई असायच्या.

बाईंनी पस्तीस वर्षं टायपिंगचा वर्ग चालवला. आता एकट्याच राहतात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी ते जुनं मशीन अजून झाकून ठेवलेलं. मुलगा लांबच्या शहरात. त्यानंच दर पंधरा दिवसांनी साखर तपासायची व्यवस्था लावून दिलेली. रक्त काढून झालं की बाई चहा ठेवायच्या आणि कपाटावरचा निळा पत्र्याचा डबा काढायच्या. क्रीमची बिस्किटं. एक मला, एक त्यांना.

"तुम्ही माझं सांगू नका, मी तुमचं सांगत नाही," त्या म्हणायच्या. मी माझ्या साखरेबद्दल त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. जगात तेवढ्या एकाच घरी मी खरं बोललो होतो. मग त्या आग्रह करायच्या आणि माझं एकाचं तीनवर जायचं. दोन आठवडे मी त्या मंगळवाराची वाट बघायचो, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

गेल्या मंगळवारी मात्र बाईंचा हात गार पडलेला होता.

"आज ती तीन महिन्यांची तपासणी आहे ना?"

"हो. जांभळ्या बुचाची नळी. तिला उपाशीपोटीचं काही नसतं."

"मागच्या वेळी आठ पूर्णांक तीन आली होती. मुलगा म्हणाला, यावेळी आठाच्या वर गेली तर घर बंद करायचं आणि त्याच्याकडे जायचं. चांगला आहे हो तो. पण त्याच्याकडे मी पाहुणी." त्या झाकलेल्या मशीनकडे बघत होत्या. "तुमच्या पिशवीत एखादी गुणी नळी नाही का?"

त्या गमतीनं म्हणाल्या. मला मात्र ते लागलं. पाच दिवसांपूर्वी बायकोला पिशवीत गोळ्यांचे कागद सापडले होते. ती ओरडली नाही, नुसती बाहेर जाऊन बसली. तेव्हापासून मी गोडाला शिवलो नव्हतो. पाच दिवस! त्या सकाळी घरच्या यंत्रावर एकशे सोळा आली होती आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

"माझं घ्या," मी म्हणालो. "मी आता एकदम पथ्यावर आहे."

"अहो, भलतंच काय!"

"एक नळी तर आहे."

तीन महिन्यांची तपासणी तीन महिन्यांचं बोलते, चार दिवसांच्या शहाणपणाला भुलत नाही, हे मी दर घरी सांगतो. त्या दिवशी ते मला आठवलंच नाही. किंवा आठवून घ्यायचं नव्हतं. मी माझ्या डाव्या दंडाला पट्टा बांधला, बाईंनी घाबरत त्याचं टोक ओढून धरलं आणि मी माझं रक्त त्यांच्या नावाच्या नळीत भरलं.

दुपारी लॅबच्या पडद्यावर बाईंच्या नावापुढे आकडा आला. दहा पूर्णांक नऊ.

मी दोनदा पाहिला. मग पाणी प्यायलो आणि तिसऱ्यांदा पाहिला. तोवर आमच्या डॉक्टर मॅडमनी मुलाला फोन लावलासुद्धा. "हो, बरीच वाढलीय. एकटं ठेवणं बरोबर नाही." शनिवारी मुलगा गाडी घेऊन येणार, असं ठरलं.

बुधवार, गुरुवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. एका घरी तर नळीवर नाव घालायचंच विसरलो. हात पुढच्या कप्प्याकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायचो. बोललो तर नोकरीवर पाणी, आणि गप्प राहिलो तर बाईंचं घर जाणार, तेही माझ्या बिस्किटांपायी. गुरुवारी दुपारी दोन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या आणि त्या चघळतच मॅडमच्या खोलीत शिरलो. सगळं सांगितलं. मधे जीभ गोळीला अडत होती.

मॅडमनी चष्मा काढला. "ती नळी तुमची होती?"

"हो."

"एकोणीस वर्षं झाली तुम्हाला इथे."

"हो, मॅडम."

"उद्या दुसऱ्या कुणाला तरी बाईंकडे पाठवते. घरोघरी जाणं बंद. तुम्ही आता काउंटरवर. लेखी खुलासा द्या, पुढचं नंतर बघू." मी दाराशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "आणि आधी ते तोंडातलं थुंकून या."

बाईंचं खरं रक्त शुक्रवारी तपासलं. सात पूर्णांक एक. मॅडमनी स्वतः मुलाला फोन केला, चूक लॅबची म्हणून सांगितलं. शनिवारची गाडी रद्द झाली.

शनिवारी काउंटर सुटल्यावर मी रिपोर्टचा कागद घेऊन बाईंकडे गेलो. पहिल्यांदाच पिशवीशिवाय. खांदा सारखा वर होत होता.

"चुकलं माझं," दारातच म्हणालो. "तुमचं घर गेलं असतं."

"बसा आधी. पट्टा मीही ओढलाच होता की." त्यांनी बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला. कागद दोनदा वाचला, घडी घालून मशीनच्या झाकणाखाली सरकवला.

"पण बाई, सात कशी? आपण तर दर खेपेला..."

"आपण नाही. तुम्ही." त्यांनी कपाटावरचा निळा डबा काढून माझ्यासमोर उघडला. तळाला एकच बिस्किट होतं. सादळलेलं, कडा झिजलेल्या, वरची नक्षी बोटांनी पुसून गेलेली. "मागच्या रिपोर्टनंतर मी एकही खाल्लं नाही. भीतीच वाटायची. पण तुम्ही एकटे खाताना ओशाळायचा, म्हणून हातात धरायचे. तुम्ही पिशवी आवरायला वळलात की परत डब्यात."

"हे एकच? एवढे दिवस?"

"एकच."

मी एकोणीस वर्षं चेहरे वाचतोय म्हणून मिरवत होतो. मला डबा बंद करावासा वाटला, पण हात उचलेना. डोळे भरून आले, तेही बाईंनी पाहिलं.

"तुमचा दहा पूर्णांक नऊ घरी सांगितलात?"

"नाही अजून."

"मग चहा घ्या आणि जा. वाट बघत असतील."

मी कप उचलला. चहा कडू लागत होता आणि गरम होता. बाईंनी डब्यातलं ते बिस्किट काढलं, नेहमीसारखं दोन बोटांत धरलं, आणि माझा चहा संपेपर्यंत तसंच धरून बसल्या.