प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांची पेटी

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे बहुतेक लोक फसतात. कुणाला मी टपालाची पेटी वाटते. कुणी तक्रारपेटी समजून 'मागच्या बाकावर पंख्याचा वारा लागत नाही' असं लिहून टाकतं. मी आहे प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांची पेटी. चर्चच्या मोठ्या दारातून आत आलात की डाव्या हाताला, छत्र्या ठेवतात त्याच्या जरा वर, मला भिंतीवर बसवलेलं आहे. वय विचाराल तर साठीच्या घरात आले. मी एरवी बोलत नाही. पण जे झालं ते पोटात ठेवून आता राहवत नाही.

शाळेची बाकं बनवणाऱ्या एका सुताराने उरलेल्या फळ्यांतून मला केलं. वर चिठ्ठी जाईल एवढीच फट ठेवली, पुढे दार आणि दाराला कुलूप. "माणसं यात मनातलं लिहून टाकणार," तो म्हणाला, "वाटेल त्याने उघडून वाचायला ही काय वर्तमानपत्राची घडी आहे?" म्हणून माझी किल्ली फक्त पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, असायची. बाजूला कागदांचा गठ्ठा आणि दोरीला बांधलेली पेन्सिल.

त्या काळी आमचे थोरले पाळक होते. शनिवारी दुपारचं जेवण झालं की ते यायचे, चष्मा लावायचे, चिठ्ठ्या काढून बाकावर बसायचे आणि एकेक सावकाश वाचायचे. काही वाचताना त्यांना हसू यायचं. काही वाचून झाल्यावर ते बराच वेळ उठायचे नाहीत. रविवारी उपासनेत ते नाव न घेता सांगायचे, 'आपली एक बहीण नोकरीच्या शोधात आहे,' आणि सगळी मंडळी तिच्यासाठी प्रार्थना करायची. ती बहीण कोण हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असायचं, पण अळीमिळी गुपचिळी.

एका जातीची चिठ्ठी मात्र थोरले पाळक कधीच मोठ्याने वाचत नसत. 'घरी या' अशी चिठ्ठी. ती थेट त्यांच्या शर्टाच्या खिशात जायची आणि त्याच आठवड्यात ते त्या दारात उभे राहायचे. कुणाच्या घरात काय चाललंय याची चर्चा नको, म्हणून ही रीत. आमच्याकडच्या लहान पोरांनाही ती माहीत होती. घरी बोलावलं असेल आणि रविवारी चिठ्ठी वाचली गेली नाही, तर समजायचं की पाळक येणार आहेत.

मित्रांनो, या रीतीचा मला केवढा अभिमान होता! आणि हिनेच घात केला.

थोरले पाळक वय झालं म्हणून निवृत्त झाले. जाताना त्यांनी नव्या पाळकांच्या हातात अकरा किल्ल्यांचा जुडगा दिला. छत कुठे गळतं, गायनमंडळातल्या कोणत्या दोन बायकांना शेजारी बसवायचं नाही, सगळं अर्ध्या तासात सांगितलं. माझ्याबद्दल सांगायचं राहिलं, की सांगितलं आणि ऐकायचं राहिलं, हे मला आजही कळलेलं नाही.

नवे पाळक वाईट नाहीत हो. तसं मी कुणाला म्हणू देणार नाही. ते आले तेव्हा निम्मी बाकं रिकामी असायची आणि तरुण मंडळी तर शोधूनही सापडत नसत. या माणसाने जिवाचं रान केलं. मोठा पडदा आणला, कॅमेरा लावला, घरबसल्या उपासना दिसेल अशी सोय केली. फोनवर ग्रुप काढला. 'प्रार्थनेची विनंती ग्रुपवर टाका,' असं ते सांगायचे आणि विनंत्या धो धो यायच्या. प्रत्येकीखाली पन्नास-साठ जणांनी हात जोडल्याचं चित्र असायचं.

एकदा उपासना संपल्यावर ते माझ्याजवळच भिंतीला टेकून उभे होते. बायकोला म्हणाले, "आज दोनशे जणांनी घरून पाहिलं. पण खरं सांगू? त्यातल्या वीस जणांचेही चेहरे मला आठवत नाहीत. दिवसभर मी उत्तरं पाठवतो आणि भेटत कुणालाच नाही."

पाळकबाई म्हणाल्या, "मग जा ना कुणाकडे तरी."

"हा महिना जाऊ दे," ते म्हणाले. चर्चच्या वर्धापनदिनाची तयारी चालू होती.

आणि मी? झाडलोट करणाऱ्या मावशी दर शुक्रवारी मला पुसायच्या, पेन्सिलीला टोक काढायच्या, कोरे कागद ठेवायच्या. पाळक चिठ्ठ्या वाचतातच, असं त्या धरून चालल्या होत्या. पाळकांना जाता-येता टोकदार पेन्सिल दिसायची, कागद दिसायचे. त्यांना वाटायचं, पेटीचं सगळं मावशी बघतात, काही महत्त्वाचं असलं तर आणून देतील. दोघं रोज एकमेकांशी बोलायची. हे तेवढं बोलायचं राहिलं. मी बाहेरून चकचकीत होते आणि आत चिठ्ठ्या साचत होत्या.

आमच्या मंडळीत एक नळदुरुस्तीवाले काका आहेत. त्यांची बायको गायनमंडळात होती. बाकीच्यांचा सूर घसरला की ही त्याला अलगद वर उचलायची. आठ महिन्यांपूर्वी ती अंथरुणाला खिळली. काकांनी रविवारी येणं सोडलं, कारण तिला एकटं कसं टाकायचं? पण एका बुधवारी सकाळी, कामाला जाताना, हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन ते आत आले. पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'घरी याल का? तिला प्रभुभोजन घ्यायचं आहे. गुरुवारी मी घरी असतो.' प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला. पाळकांच्या हातून ते मिळालं की आमच्या माणसांचा जीव निवतो.

दोन आठवड्यांनी दुसरी चिठ्ठी आली. तीत एवढंच होतं, 'कुठलाही गुरुवार चालेल.'

तिसरी टाकायला काका आले तेव्हा पाळक दारातच होते. कॅमेरा बसवणारा माणूस शिडीवर होता आणि पाळक खालून त्याला सांगत होते, "अजून डावीकडे घ्या." काकांना पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"काका! किती दिवसांनी! काकू कशा आहेत?"

"आहे तशीच आहे. चिठ्ठी टाकलीय मी," काका म्हणाले.

"छान, छान. मावशी देतीलच मला," पाळक म्हणाले आणि पुन्हा शिडीकडे वळले.

त्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'घाई करा म्हणत नाही. पण आता तिला घास उतरत नाही. भाकर नको, नुसता प्याला ओठांना लावला तरी चालेल असं ती म्हणते.'

मित्रांनो, मला त्या दिवशी ओरडावंसं वाटलं. लाकडाला ओरडता येत नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी तिची शवपेटी माझ्या समोरून आत गेली. पाळक तिच्याबद्दल फार चांगलं बोलले. मनापासून बोलले, त्यांचे डोळेही भरून आले. ते सगळं पडद्यावर दिसलं आणि घराघरांत पोचलं. मग माणसं बाहेर पडली. काका मात्र माझ्यापाशी थांबले.

"पाळकसाहेब, ही जरा उघडता का?"

"आत्ता? काका, बाहेर गाडी थांबलीय."

"थांबू दे. माझ्या तीन चिठ्ठ्या आहेत आत. परत हव्यात."

पाळकांनी मावशींकडे पाहिलं. "मावशी, चिठ्ठ्या तुम्ही काढता ना?"

"मी कशाला काढीन?" मावशी म्हणाल्या. "किल्ली तुमच्याकडे. मी कागद ठेवते फक्त."

जुडग्यातल्या किल्ल्या पाळक एकेक करून लावू लागले. नववी बसली, पण फिरेना. काकांनी ती त्यांच्या हातातून घेतली. "जोर नका लावू. आत दाबून फिरवायची," ते म्हणाले आणि त्यांनीच मला उघडलं. चिठ्ठ्या फरशीवर सांडल्या. काका गुडघ्यांवर बसले, आपलं अक्षर ओळखून तीन वेचून घेतल्या आणि खिशात ठेवल्या.

"काका, मला वाचू द्या," पाळक म्हणाले.

"आता वाचून काय करणार?" काकांचा आवाज चढला नाही. "ती मला विचारायची, रविवारी चिठ्ठी वाचली का हो? मी शेजाऱ्याच्या फोनवर उपासना बघून यायचो आणि सांगायचो, नाही वाचली. मग ती म्हणायची, म्हणजे येतायत. दर गुरुवारी सकाळी माझ्याकडून केस विंचरून घ्यायची."

पाळक तिथेच फरशीवर बसले. बाहेर गाडीवाल्याने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे उठले.

दफनभूमीतून परतल्यावर त्यांनी उरलेल्या चिठ्ठ्या वाचल्या. अठ्ठावन्न होत्या. तीन लिहिणारे हे जग सोडून गेलेले. एका मुलीने लिहिलं होतं, 'मला घरात राहायची भीती वाटते.' ती कधीच शहर सोडून गेली होती आणि कुठे गेली ते कुणाला ठाऊक नव्हतं.

रविवारी त्यांनी कॅमेरा बंद करायला सांगितला आणि उभं राहून सगळं कबूल केलं. "दोष मावशींचा नाही, माझा आहे," ते म्हणाले. त्यानंतर ते घरोघर गेले. काकांकडे तीनदा जाऊन आले. पाळकबाईंना त्यांनी सांगितलं ते मी ऐकलं. काका दार उघडतात, बसा म्हणतात, पाणी देतात, नळांबद्दल बोलतात. चर्चमध्ये या असं म्हटलं की उठून पाण्याचा पेला आत नेऊन ठेवतात.

आता दर शनिवारी दुपारी पाळक मला उघडतात. आत काही नसतं. ते कोपऱ्यांत हात फिरवून पाहतात, मला बंद करतात, बाकावर जाऊन थोडा वेळ बसतात. पाच महिने झाले, कुणी एक चिठ्ठी टाकलेली नाही.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत, घरात, दाराजवळ अशी एखादी पेटी असेल. पेटी नसेल तर 'काही लागलं तर सांग हं' असं तुम्ही कुणाला म्हटलं असेल. मग रोज जाऊन बघा, कुणी काही सांगितलंय का. आणि बघणं होणार नसेल, तर ती पेटी काढून टाका. नवे पाळक आले त्याच दिवशी माझी फट कुणी बुजवली असती, तर काका सरळ पाळकांच्या दारात जाऊन उभे राहिले असते. त्यांची बायको गेलीच असती. पण वाट पाहत गेली नसती.