माझ्या वतीनं

धुळ्याच्या मिशनच्या शाळेत मी शिवण शिकवायची. परदेशी साहेबांची, रेल्वेतल्या लोकांची मुलं, आणि आमच्या मारवाडी जैन पेढ्यांमधल्या चार मुली. त्या चौघी माझ्या शब्दावर आल्या होत्या. प्रेमकुंवरचं नाव घालताना तिचे वडील अमृतलालजी यांनी एवढंच विचारलं होतं, की दिवस मावळायच्या आत पोर घरी जेवायला येईल ना. सूर्यास्तानंतर आमच्या घरांतून कुणी अन्नाला शिवत नाही, आणि शाळेत डबा उघडायचा नाही ही त्यांची अट. मी हो म्हटलं. मोठ्या बाई मिस हेलन यांनीही हिवाळ्यात चौघींना शेवटचा तास माफ केला.

दर चौदसीला माझं मौन असतं, दिवस मावळेपर्यंत. आमच्या साधू महाराजसाहेबांकडून नेम घेतला तेव्हा त्या दिवशी लिहिणंही सोडलं, तेही बोलणंच म्हणून. मग शेजारच्या वर्गातल्या सुनंदाबाई माझ्या वतीनं बोलायच्या. त्या गाणं शिकवत, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवत. मी सुई उंच धरली की दारातून सांगत, "पोरींनो, कांताबाई म्हणतात, टाका सैल पडला." कधी पदरचं जोडत, "आणि म्हणतात, मागच्या बाकावरचीनं नाक पुसावं." मुली हसत. मीही हसे.

मिस हेलनना आपलं मान हलवणं कधी उमगलं नाही. होकार कुठला, नकार कुठला, त्या सुनंदाबाईंनाच विचारत.

अडुसष्ट सालच्या मार्गशीर्षात, चौदसीच्या दुपारी, मिसनी आम्हा दोघींना बोलावलं. नाताळला परदेशातून पाहुणे येणार होते. सुनंदाबाईंना त्यांच्यापुढं मोठं गायनमंडळ उभं करायचं होतं, आणि स्तवनं म्हणून म्हणून आमच्या चौघींचे गळे तयार झालेले. तालीम रोज शेवटच्या तासाला, सूट कुणालाच नाही. मिसनी माझं मत विचारलं.

मी दोन्ही हात जोरानं हलवले. खिडकीतल्या कलत्या उन्हाकडं बोट केलं, मग घास तोंडाशी नेऊन दाखवला. याहून उघड काय सांगायचं?

सुनंदाबाईंनी सगळं नीट पाहिलं. मग इंग्रजीत म्हणाल्या, "कांताबाईंची हरकत नाही. मुली गाऊन झाल्यावर घरी जेवतील."

माझे ओठ उघडले आणि मिटले. वाटलं, घोटाळा झालाय, बाहेर आल्यावर सुधारतील. बाहेर आल्यावर त्या पदर सावरत पुढं निघून गेल्या.

सकाळी सामायिकाचं ध्यान आटोपून मी सगळ्यांआधी शाळेत गेले. मिसना सांगितलं, की मी नाही म्हटलं होतं. त्यांनी सुनंदाबाईंना बोलावलं. त्या जमिनीकडं बघत म्हणाल्या, की बाईंचा हात मला तसाच दिसला. मिस म्हणाल्या, नाताळपर्यंतच तर आहे.

व्हरांड्यात मी विचारलं, असं का केलंत.

"इतकी वर्षं तुमच्यासाठी बोलले, कांताबाई. एकदा माझ्यासाठी बोलले."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

बाकी तिघींनी येणंच बंद केलं. प्रेमकुंवर तेवढी हट्टानं तालमीला राहिली. दुसऱ्या दिवशी अमृतलालजी फाटकाशी येऊन उभे राहिले. मला हात जोडले आणि हळू आवाजात विचारलं, "हे ठरलं तेव्हा तुम्ही तिथं होतात?"

"होते. चौदस होती."

एवढं त्यांना पुरे झालं. नेमाला आमच्यात मान आहे.

"मौन तुमचं राहिलं, बाई," ते म्हणाले. "काल उपाशी माझी पोर निजली."

ते तिला न्यायलाच आले होते. प्रेमकुंवर अर्धवट भरलेला रुमाल मला परत द्यायला आली. मी तो तिच्याच हातात ठेवला, म्हटलं घरी पुरा कर. पानं कुठल्या टाक्यानं भरायची, तिनं विचारलं. आत पेटीवर सूर धरला होता, पोरी गात होत्या. वडील पुढं चालू लागले तशी ती त्यांच्यामागं धावली.

"साखळी टाक्यानं," मी म्हटलं. ती रस्त्यापलीकडं पोचली होती.